काचेचा जीर्णोद्धार

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी टाटा मोटर्सने 'सिएरा' हे नाव पुन्हा बाजारात आणलं. किंमत ११ लाख ४९ हजार रुपयांपासून पुढे. डिसेंबरात नोंदणी उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी ७० हजारांवर मागण्या आल्याचं कंपनीने जाहीर केलं. मूळ सिएरा १९९१ची. या शतकाच्या सुरुवातीला ती बंद झाली होती. एखादी गाडी बंद होऊन वीस-बावीस वर्षं लोटावीत आणि नुसत्या तिच्या नावावर एवढी गर्दी जमावी, हे आपल्याकडे क्वचितच घडतं.

आणि तरीही जुन्या सिएराचे जे खरे भक्त, तेच सगळ्यांत जास्त कुरकुरत होते. इंजिनाबद्दल फारसं नाही, किमतीबद्दलही नाही. कुरकुर होती एका काचेबद्दल. जुन्या सिएराच्या मागच्या बाजूची काच सरळ वर जात जात वळायची आणि छतात शिरायची. नव्या गाडीत खिडकी छताच्या अलीकडेच संपते. त्याच्यापुढे छतापर्यंत जातो तो चकचकीत काळा पट्टा. लांबून पाहिलं तर काच वाटते, जवळ गेलं की पत्रा.

काचेच्या जागी काळा रंग, एवढंच ते भांडण. ते ऐकताना मला सारखी आमच्याकडच्या देवळांची आठवण होत होती.

मी भिसेगावचा. कर्जत-खालापूर पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती देवळांचे जीर्णोद्धार झाले याची मोजदाद नसेल. सागवानी खांब, कौलारू छप्पर, शेणाने सारवलेला सभामंडप असलेली देवळं उतरवली गेली; त्या जागी स्लॅब पडला, खाली ग्रॅनाइट आलं, कळसाला ऑइलपेंट लागला. प्रत्येक वेळी गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'देव तर तोच आहे ना? पावसात गळायचं ते बंद झालं.' दुसरा म्हणतो, 'देव तोच असेल, पण देऊळ ते राहिलं नाही.' मला लहानपणापासून या दोन्ही पक्षांचं खरं वाटत आलं आहे. जुन्या गाड्यांच्या पुनर्जन्मावरून जगभर जे वाद झाले, तेही याच दोन वाक्यांभोवती फिरतात. आणि दोन्ही ठिकाणी कळीचा प्रश्न एकच असतो: जुन्यातलं नेमकं काय राखायचं होतं?

जपानमधले दोन जीर्णोद्धार

या वादाची सगळ्यांत गाजलेली उदाहरणं जपानी स्पोर्ट्स कारची आहेत, म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

टोयोटाची 'सुप्रा' २००२ साली बंद झाली. त्याच्या आदल्याच वर्षी 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा सिनेमा आला होता, आणि त्यातल्या पॉल वॉकरच्या नारिंगी सुप्राने माझ्या पिढीला कायमचं बिघडवलं. आमच्यापैकी बहुतेकांनी सुप्रा रस्त्यावर कधी पाहिली नव्हती. सायबर कॅफेतल्या गेममध्ये मात्र हजार वेळा चालवली होती. २०१४ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात टोयोटाने 'एफटी-१' नावाची एक कल्पना-गाडी मांडली, आणि सुप्रा येणार म्हणून लोक हरखले. प्रत्यक्षात ती आली जानेवारी २०१९मध्ये. तिच्या पोटात बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, ती तयार होत होती ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात, बीएमडब्ल्यूच्या झेड-४च्या शेजारी. इंजिन परकं असल्याची ओरड तर झालीच. पण रूपाबद्दलची ओरड मला जास्त महत्त्वाची वाटते. नव्या सुप्राच्या अंगावर जागोजागी हवा आत घेण्याच्या जाळ्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच बंद आहेत. मागे काळं प्लॅस्टिक, हवा कुठेच जात नाही. शर्यतीसाठी गाडी तयार करणाऱ्याला त्या उघडता येतील, असं प्रमुख अभियंता तेत्सुया तादा यांचं स्पष्टीकरण होतं. भक्तांचं समाधान झालं नाही. भोक असेल तर त्यातून वारा गेला पाहिजे, असा त्यांचा साधा हट्ट होता.

दुसरं उदाहरण निस्सानच्या 'झेड'चं. पहिली झेड १९६९ची. योशिहिको मात्सुओ या डिझायनरचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. तिचं बॉनेट लांबलचक, कारण त्याखाली एकामागोमाग एक सहा सिलिंडर आडव्या ओळीत नाहीत, तर गाडीच्या लांबीत मांडलेले होते. २०२० साली निस्सानने नव्या झेडचं प्रारूप दाखवलं, २०२१मध्ये प्रत्यक्ष गाडी. बांधा जुन्या झेडच्या वळणाचा, पण तोंडाला एक मोठी चौकोनी जाळी. त्या चौकोनावर जी टीका झाली तिला तोड नाही. गंमत अशी की जुन्या झेडलाही तोंडाशी आडवी पोकळी होतीच. फक्त तिच्यासमोरून क्रोमचा बंपर आडवा जायचा आणि त्या पोकळीचे दोन भाग करायचा. नव्या गाडीत तसा वेगळा बंपर उरलाच नाही, आणि ४०० अश्वशक्तीच्या दोन टर्बोंच्या इंजिनाला थंड ठेवायला हवा तर भरपूर लागते. म्हणजे पोकळी राहिली, तिच्यापुढची पट्टी गेली. चेहऱ्यावरून मिशी काढल्यावर माणूस ओळखू येईनासा होतो, तसं काहीसं झालं.

२०२३ साली निस्सानने झेडची 'निस्मो' आवृत्ती काढली, तेव्हा तिचं नाक बदललेलं होतं. जुन्या झेडच्या लांब नाकाची आठवण देणारं, आणि मधून पट्टी गेलेलं. भक्तांची कुरकुर पत्र्यात उतरली होती.

या दोन उदाहरणांतून मला एक गोष्ट दिसते. जुन्या गाडीचं जे रूप आपण जपून ठेवतो, ते बहुतेक वेळा कुठल्या तरी गरजेतून आलेलं असतं. बॉनेट लांब, कारण इंजिन लांब. बंपर वेगळा, कारण त्या काळी बंपर वेगळाच असायचा. नव्या गाडीत ती गरज संपलेली असते, आणि मग रूप ठेवायचं तर ते कशासाठी ठेवायचं हे कुणाला सांगता येत नाही. आमच्या धंद्यात याचं एक रोजचं उदाहरण आहे. फाइल सेव्ह करायच्या बटणावर अजूनही फ्लॉपीचं चित्र असतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलांनी फ्लॉपी हातात धरलेली नाही. त्यांच्या लेखी ते सेव्हचं चिन्ह आहे, बस्स.

पिकअपच्या पाठीवर बांधलेली खोली

आता सिएराकडे येऊ. तिची काच कुठल्या गरजेतून आली?

तेव्हाची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही मुळात ट्रकवाली कंपनी. १९५४ ते १९६९ या काळात डाइम्लर-बेंझशी असलेल्या सहकार्यातून ती ट्रक बनवायला शिकली. सुमंत मुळगावकरांनी पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या माळावर तिचा दुसरा मोठा कारखाना उभारला, आणि पुण्यातच कंपनीचं संशोधन केंद्र वाढलं. १९८६ला '४०७' हा छोटा ट्रक आला. १९८८ला 'टाटा मोबाइल' ही पिकअप आली. पुढे माणसं, मागे माल. मुळगावकर १९८९ साली गेले. आणि १९९१मध्ये त्याच पिकअपच्या सांगाड्यावर सिएरा उभी राहिली.

'त्याच सांगाड्यावर' हे शब्द इथे अक्षरशः घ्यायचे. जुनी सिएरा आणि ती पिकअप शेजारी उभ्या केल्या तर पुढचा अर्धा भाग सारखाच दिसतो. तोच चेहरा, तेच बॉनेट, तेच दोन दरवाजे. फरक सुरू होतो तो पुढच्या दरवाजाच्या मागे. पिकअपमध्ये तिथे माल ठेवायचा हौदा असतो. सिएरात त्या जागी बसायची खोली बांधायची होती.

हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. सिएराला बाजूचे दोनच दरवाजे का? कारण पिकअपला दोनच होते. मागे वेगळे दरवाजे करायचे म्हणजे सगळी बाजू नव्याने आखायची. मग मागे बसायचं कसं? पुढची सीट वाकवून, अंग चोरून. आणि मागच्या दोघा-तिघांच्या बाजूला दरवाजा नाही, म्हणजे खाली-वर होणारी काच बसवायला जागाही नाही. मोकळी राहिली ती एक लांब, कोरी भिंत. ती पत्र्याने बंद केली असती तर गाडी डिलिव्हरी व्हॅनसारखी दिसली असती. तिथे काच आली. आणि उघडायचीच नाही म्हटल्यावर ती सपाट असण्याचं बंधन उरलं नाही. दरवाजाच्या पोटात उतरणारी काच फार वळवता येत नाही. बसवलेली काच हवी तशी वळवता येते, अगदी छतापर्यंत.

छताच्या कडेच्या काचेची कल्पना पुण्याची नव्हती. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांत छताच्या कडेला छोट्या काचा असत, त्यांना 'अल्पाइन' म्हणत. डोंगरात जाताना मान न वाकवता शिखरं दिसावीत म्हणून. पण लँड रोव्हरला त्या वेगळ्या खिडक्या होत्या. सिएरात बाजू आणि छत यांच्यामधली रेघच पुसून टाकलेली होती.

ती १९९१च्या रस्त्यांवर कशी दिसली असेल, याचा विचार करा. रस्त्यावर अँबेसेडर, कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी, मारुती ८००, जिप्सी आणि महिंद्राच्या जीप. त्यांच्यात ही पॉवर विंडो, पॉवर स्टिअरिंग, एसी असलेली, पाठीवर स्टेपनी लटकवलेली आणि मागे काचेची खोली असलेली गाडी. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल. ते आपल्या चालीने चाले, आणि १९९७ला टर्बो आला तेव्हा कुठे अंगात थोडा जोर आला. मागच्या काचा उघडत नसल्याने उन्हाळ्यात एसीवाचून तिथे बसणं कठीण. म्हणजे जिच्यामुळे ती देखणी, तिच्यामुळेच ती गैरसोयीची. पुढच्या वर्षी 'इस्टेट' आली, १९९४ला 'सुमो'. महाराष्ट्राच्या गावागावांत वडापपासून वऱ्हाडापर्यंत जी पोहोचली ती सुमो, सिएरा नाही.

कल्पनेतून कारखान्यात

२०२० साली दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटांनी सिएराची कल्पना-गाडी ठेवली, तेव्हा मागच्या काचेचा तो मोठा, वळलेला आकार लगेच डोळ्यांत भरला. त्या वेळी टाटांच्या डिझाइन विभागाचे प्रमुख प्रताप बोस होते. पुढे ते महिंद्रात गेले आणि टाटांकडे मार्टिन उहलारिक आले. २०२३च्या एक्स्पोत तीच गाडी पाच दरवाजांची होऊन आली. कारखान्यातून निघेपर्यंत काचेचा पट्टा झाला होता.

हे का झालं, हे समजायला डिझायनरच्या डोक्यात शिरायची गरज नाही. मागे दरवाजे आले. दरवाजाची काच खाली उतरली पाहिजे, म्हणजे ती वळून छतात जाऊ शकत नाही. आजच्या गाडीत पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेत घडी करून ठेवलेल्या असतात, म्हणजे तिथे कडा हवी. गाडी उलटली तर छत टिकलं पाहिजे, म्हणजे त्या काठाला दणकट पोलाद हवं. वर लोकांना उघडणारं मोठं सनरूफही हवं. प्रत्येक मागणी रास्त, आणि प्रत्येक मागणी त्या काचेच्या मुळावर आलेली.

मग भक्तांचे तीन गट पडले. पहिल्याचं म्हणणं: तीन दरवाजे आणि खरी काच नसेल तर हे नाव वापरू नका. दुसऱ्याचं: एवढी ओळख राखली हेच पुष्कळ, कंपनीला गाड्या विकायच्या आहेत, संग्रहालय भरवायचं नाही. तिसरा गट सगळ्यांत कडवट: नव्या पिढीच्या गाडीत आधीच चकचकीत काळं प्लॅस्टिक उदंड झालंय, त्यात हा आणखी एक पट्टा, याला सिएरा म्हणायचं कारण फक्त जाहिरात आहे.

मला पहिल्या गटाचा निष्कर्ष पटत नाही, पण त्यांची वेदना समजते. त्यांची तक्रार 'काच नाही' एवढीच असती तर ती केव्हाच विरून गेली असती. खटकतं ते काच असल्याचं सोंग. सुप्राच्या बंद जाळ्यांबद्दल जे म्हटलं गेलं, तेच इथेही लागू आहे. देवळाचं उदाहरण पुन्हा घ्यायचं तर, लाकडी खांब सडले म्हणून सिमेंटचे उभारले याबद्दल गाव फार दिवस भांडत नाही. सिमेंटच्या खांबावर लाकडाच्या रेषा रंगवल्या की मात्र म्हातारी माणसं हसतात.

चेतकचं काय झालं

हाच प्रश्न पुण्याच्याच दुसऱ्या एका गाडीला विचारला की वेगळं उत्तर मिळतं. आकुर्डीची बजाज चेतक.

बजाज आधी पिआज्जिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार १९७१ला संपला, आणि १९७२ला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. रूप अर्थातच व्हेस्पाच्या घराण्यातलं. त्या घराण्याचा मूळ पुरुष कोर्रादिनो द'आस्कानिओ, विमानांचा अभियंता. त्याने १९४६च्या व्हेस्पाचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं, म्हणजे पंक्चर झालं तर पटकन काढता यावं. इंजिन उजवीकडे टांगलं, म्हणून उजवीकडे फुगवटा आला. तोल दिसायला डावीकडेही तसाच फुगवटा, त्यात सामान. सुरू होत नसली की चेतक आडवी करून मग किक मारायची, हे ज्ञान आमच्या वडिलांच्या पिढीत शाळेत न शिकवताही सगळ्यांना होतं. एके काळी तिच्यासाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागे.

चेतक बंद झाली, २००९मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटरचं उत्पादनच थांबवण्याचा निर्णय घेतला, आणि राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघडपणे बोलून दाखवलं. बाप-लेकातला हा मतभेद वर्तमानपत्रांतून सगळ्या देशाने वाचला. १६ ऑक्टोबर २०१९ला चेतक परत आली ती विजेवर चालणारी. जानेवारी २०२०मध्ये विक्री सुरू झाली ती पुणे आणि बंगळुरूमध्ये. किंमत एक लाखापासून. राहुल बजाज फेब्रुवारी २०२२मध्ये गेले, आणि त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीच्या जुन्या जागेत विजेच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला.

नव्या चेतकमध्ये पेट्रोलचं इंजिनच नाही. म्हणजे उजव्या फुगवट्याला आता कारण उरलेलं नाही. तरी बाजू गोलाईदारच आहेत. पण पत्रा खरा आहे, प्लॅस्टिक नव्हे. आणि पुढचं चाक अजूनही एकाच बाजूने धरलेलं आहे, आणि ते सोंग नाही, खरोखरच गाडी त्याच्यावर उभी आहे. 'व्हेस्पासारखी दिसते' अशी टीका तिच्यावरही झाली. पण 'खोटी आहे' असं जुन्या चेतकवाल्यांच्या तोंडून मी फारसं ऐकलं नाही. कारण माझ्या मते हेच. रूप ठेवलं तिथे त्याच्यामागे काहीतरी काम ठेवलं. आणि दुसरं असं की चेतक ज्यांनी खरोखर चालवली होती त्यांना तिचे दोषही पाठ होते. आडवी करायची नाही, किक मारायची नाही, हे त्यांना नुकसान वाटलं नाही. सुटका वाटली.

आठवण कुणाची

इथे सिएराच्या वादातला एक अवघड मुद्दा येतो. जुनी सिएरा फार थोड्यांनी वापरली. मग तिची आठवण इतक्यांना कशी?

आमच्या भागापुरतं सांगतो. कर्जत म्हणजे मुंबईकरांची फार्महाउसं. शनिवारी सकाळी चौकच्या बाजूने आत येणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी परत जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहत आमचं गाव मोठं झालं. बाबा सांगतात, नव्वदच्या दशकात त्या रांगेत एखादी सिएरा असायची. तिच्या मागच्या काचेतून पोरं डोंगरांकडे पाहत जायची. बाबा रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे. त्यांची सिएराची आठवण ही बाहेरून काचेकडे पाहणाऱ्याची आठवण आहे. माझी तर तीही नाही. मी समजत्या वयाचा होईपर्यंत ती बंद झाली होती. माझ्या वयाचे जे लोक तिच्यासाठी तावातावाने भांडतात, त्यांची आठवण फोटोंतून, काकामामांच्या गोष्टींतून आणि रस्त्याकडेला धूळ खात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीवरून तयार झालेली आहे. सुप्रासारखीच, उसनी.

पण उसनी आठवण खोटी असते असं मला वाटत नाही. आत बसलेल्याला गाडीचा आवाज, उकाडा, गुडघ्याला लागणारी पुढची सीट आठवते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त रूप आठवतं. ज्या देशात गाडी असणं हीच लाखात एकाची गोष्ट होती, तिथे बहुतेक गाड्यांची आठवण बाहेरूनच होणार. म्हणूनच आपल्याकडे रूपाचं भांडण इतकं तीव्र होतं. ज्यांच्या वाट्याला फक्त रूप आलं, त्यांच्याकडून तेही काढून घेतलं जातंय असं त्यांना वाटतं.

नवी गाडी आली तेव्हा हे सगळं मी घरी मोठ्या तळमळीने सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काचेचं तू बघ. मला सांग, मागे दरवाजे आहेत ना? तुझ्या आईला पुढची सीट वाकवून आत चढवायची तर आधी दोघं धरायला लागतील." आईचे गुडघे गेली चार वर्षं दुखताहेत. माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. तीन दरवाजांची सिएरा ज्यांना हवी आहे ते तरणे आहेत, किंवा त्यांच्याकडे दुसरी गाडी आहे. ज्याच्या घरात एकच गाडी येणार, त्याला चार दरवाजे हवेत. बाहेर उभं राहून काच पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा आत बसायला मिळणार असेल, तर त्याच्या बाजूने तरी हा जीर्णोद्धार योग्यच म्हणायला हवा.

मग काचेचा हट्ट धरणाऱ्यांचं काय उरतं? माझ्या मते, बरंच उरतं.

कर्जतला डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे एक काका आहेत. चाळीस वर्षं पत्रा ठोकताहेत. जुन्या सिएराबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हाताच्या तळव्याने हवेत ते वळण काढून दाखवलं आणि म्हणाले, "पत्रा फाटला तर मी नवा करीन. इंजिन कुठलंही बसवीन. काच तेवढी सांभाळायची. ती कोण वळवणार?" त्या गाडीत स्थानिक हातांना पुन्हा करता येणार नाही अशी एकच वस्तू होती, आणि नेमकी तीच तिची ओळख होती. आज जुन्या सिएरा उभ्या करणारे लोक त्या काचेसाठी वणवण करतात ते उगीच नाही.

आणि म्हणूनच मला या कुरकुरीची किंमत वाटते. झेडबद्दल बोलताना जग मात्सुओंचं नाव घेतं. व्हेस्पाबद्दल बोलताना द'आस्कानिओचं. सिएराची ती काच पहिल्यांदा कागदावर कुणी ओढली, पिकअपच्या मागच्या कोऱ्या भिंतीकडे पाहून 'इथे काच लावू आणि छतात वळवू' असं पहिल्यांदा कोण म्हणालं, पुण्यातल्या त्या ड्रॉइंग ऑफिसात त्यावर कोण कुणाशी भांडलं, हे आपल्या कुणाच्या ओठांवर नाही. नटांची आत्मचरित्रं मराठीत आहेत, पुढाऱ्यांची आहेत, गिर्यारोहकांची आहेत. ड्राफ्ट्समनची, पॅटर्नमेकरची, चाचणी चालकाची कितीशी आहेत? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी अर्ध्या महाराष्ट्राच्या घरात पगार पोहोचवला, पण तिथे वस्तू कशी जन्माला येते याची गोष्ट मराठी साहित्यात फारशी आली नाही.

जिथे लेखी इतिहास नसतो तिथे वस्तूचं रूप हाच दस्तऐवज होतो. पिकअपचे दोन दरवाजे, त्यामागची कोरी भिंत, त्या भिंतीवर काढलेली पळवाट, हे सगळं त्या एका काचेत नोंदवून ठेवलेलं होतं. ती वाचायला शिकलेले लोक म्हणजे हे कुरकुरे भक्त. काळा पट्टा पाहून ते चिडतात, कारण त्यांच्या दृष्टीने मूळ कागद गहाळ झाला आणि त्याच्या जागी रंगीत झेरॉक्स आली.

पट्टा काढून काच बसवा, असं मी म्हणणार नाही. आईला दरवाजा हवा आहे. पण पिंपरी, चिंचवड, निगडीच्या सोसायट्यांमधून आज सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसं संध्याकाळी बाकावर बसलेली असतात. १९८८ ते १९९१ या वर्षांत त्यांच्यातल्या काहींच्या हातांखालून ती गाडी गेली असणार. त्यांच्या शेजारी जाऊन बसावं, आणि काचेबद्दल विचारावं. नाव परत आणायला कंपनी समर्थ आहे. ही गोष्ट मात्र त्यांच्याबरोबर गेली की तिचा जीर्णोद्धार कुणालाच करता येणार नाही.